पहिल्या बाकापुरतं

"शामुवेलभाऊ घर कसं सांभाळतात? तुम्हीच सांगा, बाई," चहाचा कप खाली ठेवत पास्टर म्हणाले.

मंडळीचा वडील म्हणजे चर्चचा कारभारी. तो नेमण्याआधी पास्टर घरी येऊन बायकोलाच विचारायचे. ज्याला घर सांभाळता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार, असं त्यांचं म्हणणं. विचारायचे मात्र नवऱ्यासमोरच.

शामुवेलच्या बायकोनं, रिबेकानं, नवऱ्याकडे पाहिलं. सुवार्तानं गडहिंग्लजच्या बौद्ध मुलाशी लग्न केलं, त्या दिवसापासून शामुवेलनं लेकीला हा उंबरा बंद केला होता. चार वर्षं. नात झाली, तर तिचं नाव घ्यायचीही घरात चोरी.

"पोरगी येणार हाय की रविवारी," शामुवेलच मध्ये बोलला. "जावई, नात, समदी. मीच बोलावलंय."

रिबेकाचा जीव हरखला. "लई चांगलं सांभाळत्यात," ती म्हणाली. धडधडीत खोटं. पण लेक घरी येत असेल तर असली दहा खोटी ती बोलली असती.

रविवारी पहाटेच तिनं मटण रटरटत ठेवलं. नातीला तिखट सोसायचं नाही, म्हणून तिच्यापुरता पांढरा रस्सा एका डब्यात वेगळा काढला. चर्चमध्ये पहिल्या बाकावर लेक, जावई, मांडीवर नात. पास्टरांनी शामुवेलला वडील नेमताना त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मग नातीच्याही डोक्यावर ठेवला. शामुवेलनं सगळ्यांदेखत तिचा मुका घेतला. मंडळी गहिवरली. रिबेका तर हमसून रडली. त्या घडीला तिनं नवऱ्याला सगळं माफ करून टाकलं.

फोटो निघायच्या आत ती ताटं मांडायला घरी धावली. मागून शामुवेल आला, पास्टरांना घेऊन.

"पोरं कुठायत?" रिबेकानं आतून विचारलं.

"नातीला जरा कसर हाय. गेली," तो मोठ्यानं म्हणाला. मग स्वयंपाकघरात येऊन हळूच, "रिक्षात घालून दिली स्टँडला. बाकापुरतं बोलावलंतं. जेवाय न्हवं."

रिबेकाच्या हातातली पळी तशीच राहिली. मेल्याचं तोंड बघू नये असं वाटलं तिला.

ताटं वाढून झाली. शामुवेल म्हणाला, "पांढरा वाढ की पास्टरांस्नी."

"त्यो संघप्रियाचा हाय." रिबेकानं डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"संघप्रिया कोण?" पास्टरांनी विचारलं.

शामुवेल गडबडला. "प्रार्थना करूया," म्हणत त्यानं डोळे मिटले. पास्टरांनीही मिटले. शामुवेलची प्रार्थना म्हणजे गोड आणि लांबलचक. भरल्या घराबद्दल देवाचे उपकार मानणं चालू झालं, तसा रिबेकानं डबा पदराखाली घेतला आणि पायांत चपला सरकवल्या.

आतून आमेन ऐकू आलं तेव्हा ती दारासमोर रिक्षात बसत होती.

"स्टँडला चल. गडहिंग्लजची गाडी गाठायची हाय."

"कवाची हाय, मावशी?"

"गेली आसंल," ती म्हणाली. "तरीबी चल."