उरलेले दोन चौकोन

सातव्या इयत्तेनंतर माझे शिक्षण थांबले आणि हाती गवंड्याचे गुण्या व ओळंबा आले; त्यामुळे बीजगणित हा प्रांत मला सर्वस्वी अपरिचित होता. परंतु नववीतील माझी कन्या दोन दिवस एकाच गणितापाशी अडून बसली, तेव्हा मला त्या प्रांतात पाऊल टाकणे भाग पडले.

"बाबा, एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स अधिक आठ. याचे अवयव पाडायचेत. उद्या जमलं नाही तर सर मला कच्च्या तुकडीत टाकणार."

"एक्स म्हणजे किती?"

"ते माहीत नसतं."

"मापाशिवाय काम घेतं कोण गं?"

"आमचे सर घेतात!" ती फणकारली. "अवयव म्हणजे लांबी आणि रुंदी समजा. सगळं मिळून एक आयत झाला पाहिजे."

आयत म्हटल्यावर माझ्या अंगी बळ संचारले. त्या सुमारास खुद्द सरांच्याच स्वयंपाकघरात माझे फरशीचे काम चालू होते. रविवार होता. सर बाजारात गेल्याची संधी साधून मी कन्येस तेथे नेले. एक्सचा वर्ग म्हणून एक मोठी चौरस फरशी, पाच एक्स म्हणून तिच्याच लांबीच्या पाच पट्ट्या आणि आठ छोटे चौकोन आम्ही सिमेंटविना मांडले. दोन पट्ट्या बाजूला, तीन खाली लावल्या. कोपऱ्यात सहा चौकोन चपखल बसले. दोन उरले. पट्ट्या एक-चार केल्या, तर चार उरले.

"तुमचंच काहीतरी चुकतंय."

"वीस वर्षांत माझा कोपरा चुकलेला नाही. माल जास्त आलाय."

इतक्यात सर दारात उभे! "हा काय पसारा?"

कन्या माझ्यामागे दडली. मी दोन चौकोन तळहातावर धरून नम्रपणे विचारले, "सर, आपल्या गणितातून हे उरले. कोठे बसवू?"

"एवढंही जमत नाही?" म्हणत सरांनी पिशवी ठेवली आणि गुडघे टेकले. अर्धा तास पट्ट्या इकडच्या तिकडे झाल्या.

"गवंडी हात बांधून उभे आणि तुम्ही फरशा बसवताय?" आतून सरांच्या पत्नी म्हणाल्या.

सरांनी अखेर आपली वही मागवली. तीत सहा होते. फळ्यावर त्यांनीच आठ लिहिले होते.

"उद्या हे वर्गाला तूच समजाव," ते कन्येस म्हणाले.

"आणि कच्ची तुकडी?"

"तिथे मी बसतो."

असे म्हणून ते उठू लागले, परंतु गुडघे ऐकेनात. तेव्हा एका बाजूने मी व दुसऱ्या बाजूने माझ्या कन्येने धरून त्यांना उभे केले.