डावीकडे काकू, उजवीकडे काका

मी बास्केटबॉलच्या सामन्याच्या आकड्यांचा कागद बोलतोय. नीट ऐका. एकच गोष्ट दोनदा सांगायची मला सवय नाही.

माझा जन्म छापखान्यातला. अंगावर रेघा घेऊनच आलो. आडव्या ओळी आमच्या संघाच्या खेळाडूंच्या आणि उभे रकाने त्यांच्या करणीचे. गुण किती, पास किती, फाउल किती, हुकलेला चेंडू झेलून रिबाउंड किती घेतले. मधोमध एक जाड रेघ. तिच्या डावीकडे सामन्याचा पूर्वार्ध, उजवीकडे उत्तरार्ध. आमच्या गठ्ठ्यातलं एक भावंड घडी होऊन डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेलं. त्याची मला लाज नाही. ते गेल्यापासून टेबल हललेलं नाही.

माणसं सामना बघतात, ओरडतात, घरी जातात. आठवड्यानं विचारा, दहा जण दहा गोष्टी सांगतील. मी एकच सांगतो. म्हणून पगारी खेळाडूसुद्धा सामना संपला की आधी माझ्याकडे वाकून बघतात, मग घाम पुसतात.

मी ज्या टेबलावर आलो तिथं एक जोडपं बसायचं. नवरा मैदानाकडे बघून ओरडायचा, बायको मान खाली घालून लिहायची. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगाकाका म्हणत. तिला नुसतं काकू. टेबलाचा नियम कडक होता. लिहिणाऱ्यानं वर बघायचं नाही. एक नजर वर गेली की एक नोंद गेली. कैक वर्षं काकू मैदानाला लागून बसल्या, पण त्यांनी एकही बास्केट पडताना पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळी टेबलप्रमुख आले. सगळ्या टेबलांवर त्यांचाच हुकूम चाले. मला काकूंसमोर ठेवून ते म्हणाले, "काका, मागच्या सामन्याचा कागद व्हिडिओशी पडताळला. चार चुका. आज पुन्हा झालं तर खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागेल. राग मानू नका."

"राग कसला," काका म्हणाले. कानशिलं मात्र लाल झाली होती.

शिट्टी झाली. काका सुरू झाले. "पाच, बास्केट! अकराचा पास! चार, फाउल!" काकूंची पेन्सिल तुरुतुरु चालली. अक्षर बारीक, मोत्यासारखं. मला गुदगुल्या होत होत्या, पण मी हललो नाही.

मग काका ओरडले, "आठ, रिबाउंड!"

पेन्सिल थांबली. आठ नंबरला मघाशीच बाहेर बसवलं होतं. तशी खूण माझ्यावर काकूंनीच केली होती. बाकावर बसलेला माणूस रिबाउंड घेतो कसा? जर्सीवरचे आकडे इंग्रजी. त्यातल्या तीनची उघडी बाजू नजरेला मिटलेली दिसली की झाला आठ. काकूंनी अवाक्षर न काढता रिबाउंड तीनच्या ओळीत लिहिला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. पुन्हा त्यांनी सांभाळून घेतलं. संसारात सांभाळून घेतलेल्याची नोंद कुठल्या रकान्यात होत नाही. माझ्यावर झाली.

पण कोचनं आठ नंबरला पुन्हा मैदानात उतरवलं. आता तीनही खेळतोय, आठही खेळतोय. आता माझ्याकडे बघून काही कळणार नव्हतं.

"आठ, रिबाउंड!"

काकूंची पेन्सिल अधांतरी राहिली. आणि त्यांनी ती गोष्ट केली, जी त्या टेबलावर कुणी करत नाही. त्यांनी वर पाहिलं. चेंडू छातीशी धरून उभा होता तीन नंबर. त्यांनी तीनच्या ओळीत खूण केली.

काकांना लांबचं दिसत नव्हतं, जवळचं चोख दिसत होतं. "अगं, मी आठ म्हटलं."

"तीन आहे."

"मैदान मी बघतोय की तू?"

"आत्ता दोघंही बघतोय," काकू म्हणाल्या. "पुढचं बोला. खेळ थांबत नाही."

मध्यंतर झालं. काकांनी मला पुढ्यात ओढलं. तीनच्या ओळीवर बोट ठेवलं, मग आठच्या बाहेर बसल्याच्या खुणेवर. त्यांना सगळं कळलं.

"आज किती?"

"तीन वेळा."

"आणि मागच्या सामन्यात?"

"तेव्हा ते दोघं सारा वेळ मैदानातच होते हो. मला तरी काय कळणार?"

काकांनी डोळे किलकिले करून रिकाम्या मैदानाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. शेजारी गुणफलक चालवणारा माणूस म्हणाला, "काय काका, भोंगा बिघडला?"

"भोंगा ठणठणीत आहे. तू तुझी बटणं दाब." मग बायकोकडे वळून म्हणाले, "ऊठ."

"अहो, कुठं निघालात?"

"कुठं नाही. तू इकडे बस. पेन्सिल मला दे."

काकूंचा हात पेन्सिल सोडेना. "मला ओरडता येत नाही हो."

"घरी कोण ओरडतं मग?"

उत्तरार्ध सुरू झाला. काकूंनी पहिला आकडा पुटपुटल्यासारखा सांगितला. काका मान खाली घालून म्हणाले, "मोठ्यानं! मी आता वर बघायचं नाही, नियम आहे." मग आवाज सुटला. "सात, बास्केट! तीनचा पास! आठ, रिबाउंड!" काकांची पेन्सिल माझ्यावर दाबून चालत होती. खुणा जाड, ठसठशीत. दुखलं थोडं. दुखू दे.

एकदा काकू किंचाळल्या, "अगं बाई, काय उडी मारली हो!"

काका वर न बघता म्हणाले, "हे कुठल्या रकान्यात लिहू?"

गुणफलकवाला इतका हसला की त्याच्या हातून घड्याळ बंद करायचं राहता राहता वाचलं.

आमचा संघ एक्याऐंशी, पाहुणे अठ्ठ्याहत्तर. खेळाडूंचे गुण एकाखाली एक मांडून काकांनी बेरीज केली. एक्याऐंशी. जुळली. तरी झोप काही त्यांना लागली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी दोघंही कार्यालय उघडायच्या आधीच दारात हजर होती. टेबलप्रमुखांनी मला व्हिडिओशी ओळ न् ओळ लावून पाहिलं. एकही चूक निघाली नाही.

"पण काका, अर्ध्यावर अक्षर बदललंय."

"बदललं," काका म्हणाले. "आकडे बदलले का?"

"नाही."

"मग पुढच्या सामन्याला दोन्ही खुर्च्या तशाच ठेवा. फक्त माणसं अदलाबदल."

टेबलप्रमुखांनी मान डोलावली. जिना उतरताना काकू विचारत होत्या, "अहो, इतकी वर्षं एवढं सगळं तुम्ही एकटेच बघत होतात?" काका काय म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. भोंगा पहिल्यांदाच हळू वाजला होता.

आता मी फाइलीत असतो. वर भावंडं, खाली भावंडं. कोरडी जागा आहे, तक्रार नाही. नंतर आलेल्या सगळ्यांच्या अंगावर एकच अक्षर आहे, ठसठशीत. दोन अक्षरांचा मी एकटाच.

कधी फाइल उघडलीत तर हात पुसून उघडा. माझ्यावर चहाचा कप ठेवू नका. मधल्या जाड रेघेवर बोट ठेवा आणि दोन्हीकडे बघा. डावीकडे काकू, उजवीकडे काका. मग खाली बघा.

बेरीज जुळते.