भारा द्यायला माणूस

त्र्याऐंशी साली मला मुंबईला नेऊन छातीत ठोके चालवणारं यंत्र बसवलं. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत. त्याआधी मी बांधावर चक्कर येऊन पडायचो. आमच्या पोशीर गावात सगळे म्हणत, गोमा काही वर्ष काढत नाही. माझी बायको मोतीबाईही तेच धरून चालली होती. मी वर्ष काढलं. पुढच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली आणि ती गेली.

आमच्याकडे भातकापणी सावडीने होते. आज सगळ्यांनी तुझं शेत काढायचं, उद्या माझं. घरटी एक माणूस. आजारपणाच्या वर्षी माझ्या जागी तीच गेली. तिने भारे वाहिले आणि मी खळ्यावर बसून कोंबड्या हाकल्या.

ती गेली त्याच साली कापणी आली तेव्हा मालोजी घरी आला. सावड तोच लावतो.

"गोमा, तू घरी बस रं. तुझं भात आमी आणून टाकू."

"दरसाल आणाल?"

ज्याचं भात दयेने घरी येतं, त्याला पुढे सावडीत कुणी धरत नाही. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"डाक्टर म्हणालाय, हळूहळू सगळं कर. मी येतो," मी म्हणालो.

पहिलं शेत चांगोचं होतं. त्याचा भाऊ लडकू मला बघून ओरडला, "गोमाकाका आता बॅटरीवर चालतो! जोडीला सेल घेऊन या रं कुणीतरी." सगळे हसले. मीही हसलो.

मोतीबाईच्या जुन्या लुगड्याची चुंबळ डोक्यावर ठेवून मी एका भाऱ्यापाशी उभा राहिलो. भारा एकट्याला डोक्यावर घेता येत नाही, समोरच्याने उचलून द्यावा लागतो. मला नेहमी तीच देत असे. दिला की म्हणे, "मान ताठ." मग मी चालायला लागे.

बाकीचे भारे उचलले गेले. माझ्याकडे कुणी आलं नाही.

"दे रं," मी लडकूला म्हणालो.

त्याचं हसू गेलं. "मी नाय, काका. काय झालं तर लोक म्हणतील, लडकूनं भारा दिला."

मालोजी आला. त्याने भाऱ्याचा बंध सोडला आणि निम्मं भात बाजूला काढायला लागला.

"परत बांध," मी म्हणालो. "निम्म्या भाऱ्याला मला निम्मा माणूस धरशील."

त्याने मुकाट्याने बांधला, पण द्यायला त्याचा हात होईना. तेवढ्यात त्याची बायको येसूबाई विळा टाकून उठली. "व्हा बाजूला. मोती असती तर दिला नसता?" तिने गुडघा लावून भारा उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

मी बांधाने निघालो. दम लागला, पण यंत्राची चाल तीच राहिली. त्याला ओझं कळत नाही. खळ्यावर भारा टाकून वळलो तर येसूबाई मागे उभी, हात पुढे धरलेले. तिच्या मागे मालोजी.

तो म्हणाला, "उद्या हिरूचं शेत हाय. लवकर ये."

मी परत शेतात गेलो. या खेपेला लडकू आपणहून आला. त्याने भारा दिला आणि हात सोडले. मी सवयीने ते दोन शब्द ऐकायला तसाच उभा राहिलो.

"काय झालं, काका? जड हाय?"

"नाय रं," मी म्हणालो आणि चालायला लागलो.