सप्टेंबरचा हिरवा रकाना

परळमधल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत दर्शना साळवे शिबिरांचं काम बघायची. कुठल्या मंडळात शिबिर घ्यायचं, डॉक्टर कोण जाणार, गाडी कधी निघणार, सगळं तिच्या हातात. गिरणगावातली निम्मी मंडळं तिला नावाने ओळखायची.

नोव्हेंबरात रक्तपेढीत नवे प्रशासक आले, रघुवीर प्रधान. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "दर्शना मॅडम, दर महिन्याला मागच्या महिन्यापेक्षा किती टक्के वाढ, किती टक्के घट, एवढंच शीटमध्ये दाखवा. वाढ हिरवी, घट लाल. एका नजरेत कळलं पाहिजे."

हे तर दर्शनाच्या हातचा मळ. या महिन्यात जमलेल्या रक्ताच्या पिशव्यांतून मागच्या महिन्याच्या वजा केल्या, उरलं त्याला मागच्या महिन्याच्या आकड्याने भागलं, सेलला टक्क्यांचं रूप दिलं आणि सूत्र खालपर्यंत ओढलं. जानेवारीच्या वर शीटमध्ये महिनाच नव्हता, म्हणून ती जागा मोकळी ठेवली. मग रंग चढवले.

मीटिंगमध्ये शीट पडद्यावर आली तशी सगळ्यांची नजर दोनच ठिकाणी गेली. ऑगस्टात चारशे पिशव्या, गणपतीच्या सप्टेंबरात नऊशे साठ. अधिक एकशे चाळीस टक्के, हिरवंगार. त्याच्याखाली ऑक्टोबर, चारशे बत्तीस. उणे पंचावन्न, लालभडक.

"ऑक्टोबरात तुमची टीम झोपली होती का?" प्रधानांनी विचारलं.

"नाही सर. सप्टेंबरात ज्यांनी रक्त दिलं, त्यांना पुढचे तीन महिने देताच येत नाही. थांबा, आणखी एक रकाना घालते."

तिने उभ्याउभ्याच गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरचा आकडा टाकला, तीनशे साठ. शेजारी उत्तर उमटलं: अधिक वीस टक्के.

"गेल्या ऑक्टोबरपेक्षा जास्तच आहे. टीम जागी होती."

कुणीतरी खुदकन हसलं. प्रधानांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे सगळं झकास चाललंय म्हणायचं?"

"तसंही नाही. मला काळजी या हिरव्याची आहे." दर्शनाने सप्टेंबरवर बोट ठेवलं. "रक्त टिकतं फार तर महिना-सव्वा महिना. गणपतीत जमलेल्या कितीतरी पिशव्या आपण वाया घालवल्या. आणि हा मे बघा, उणे अडतीस. थॅलेसेमियाच्या पोरांना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. मे महिन्यात त्यांच्या आयांना मी दारातून परत पाठवलंय. हा डोंगर थोडा कापून मला त्या खड्ड्यात टाकायचाय."

"जमेल?"

"जमवते."

त्याच संध्याकाळी लॅपटॉप काखोटीला मारून ती काळाचौकीला गेली. तिथल्या मंडळाचे अध्यक्ष कोंडीराम घाग सगळ्यात मोठं शिबिर भरवायचे. त्यांनी शीट नीट पाहिली, चहा मागवला आणि मान हलवली.

"ताई, शिबिर म्हणजे गणपतीतलंच. लोक तेव्हाच जमतात. मे महिन्यात कोण सापडणार तुला? अर्धी काळाचौकी कोकणात असते."

"अर्धी जाते ना काका? मग अर्धी उरते."

"ऐकणार नाहीस तू."

"नाही ऐकणार. गणपतीतलं शिबिर बंद करा असं म्हणत नाही मी. तेव्हा शंभर जण बसवा, बाकीच्यांची नावं मेसाठी लिहून घ्या. महाराष्ट्र दिनाला सुट्टी असते. सकाळी रक्त द्या, गावाची गाडी त्या रात्रीऐवजी दुसऱ्या दिवशी पकडा."

"रक्त देऊन गावी? म्हातारी ओरडेल माझी."

"त्यांना माझा नंबर द्या. मी बोलते."

कोंडीराम मोठ्याने हसले. हसता हसताच त्यांनी मोबाईल काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, येत्या वर्षीपासून एक मेला पण शिबिर.

महाराष्ट्र दिनाला दर्शना पोचली तेव्हा मंडपाबाहेर रांग लागलेली. कोंडीराम स्वतः पहिल्या खाटेवर आडवे, दंडाला पट्टा, आणि तिथूनच आलेल्या प्रत्येकाला सरबताचं टेबल दाखवत होते. बातमी पसरली, तशी लालबागमधल्या आणखी दोन मंडळांनीही पुढच्या रविवारी शिबिरं घेतली.

महिनाअखेर तिने आकडा भरला. एप्रिलात पाचशे, मेमध्ये चारशे पंच्याहत्तर. उणे पाच टक्के.

प्रधान मागे येऊन उभे राहिले. "मॅडम, तुमच्या त्या पोरांचं काय झालं?"

"या मेमध्ये एकालाही परत पाठवलं नाही सर."

त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले. "आता नोव्हेंबर-डिसेंबरच्या खड्ड्याचं बघूया. कोण तयार होईल?"

तेवढ्यात फोन वाजला. वरळीच्या मंडळाचा होता. काळाचौकीवाल्यांनी उन्हाळ्यात शिबिर घेतलं म्हणे, आम्हालाही गणपतीनंतर घ्यायचंय, डिसेंबर चालेल का?

"चालेल?" दर्शनाने प्रधानांकडे बघत कॅलेंडर पुढे ओढलं. "धावेल!"