स्लॅबवरच्या सळ्या

लालासाब मुजावरानं ऑइलपेंटचा डबा संपवला आणि चार पावलं मागं सरून भिंतीकडं बघितलं. पुराच्या पाण्यानं उठवलेला तपकिरी पट्टा पार नाहीसा झाला होता. जमिनीपासून कमरेपर्यंत फिकट हिरवा रंग, वर पांढरा चुना. घर दवाखान्यासारखं लख्ख दिसत होतं. दिवाळीचा अर्धा बोनस भिंतीला फासून झाला होता, पण त्याचा जीव भांड्यात पडला. माणूस अडकला की त्याला असलं काहीबाही सुचतं, आणि ते भारी अकलेचं वाटतं.

लालासाब उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टर्नर होता. कसबा बावड्याच्या कडेला, ओढ्याच्या अंगाला नवी कॉलनी पडली तेव्हा त्यानं बँकेचं कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या. घर अर्थातच बँकेकडं गहाण. कर्जात भागेना म्हणून धाकट्या भावानं, ख्वाजानं, गावाकडच्या घरातला आपला वाटा विकून ते पैसे जसेच्या तसे थोरल्याच्या हातात ठेवले. "वर तुझी खोली काढू," असा लालासाबनं शब्द दिला. म्हणून स्लॅब पडल्यावरही कॉलमच्या सळ्या वर उभ्या सोडलेल्या. कोल्हापुरात ही रीतच आहे. खाली घर पुरं होतं, आणि डोक्यावर पुढच्या मजल्याची आशा गंजत उभी असते.

मग गेल्या पावसाळ्यात ओढा कॉलनीत शिरला. पाणी ओसरलं, पण घरांचा दर जो खाली बसला तो उठेना. ज्या घराला दलाल दारात येऊन भाव सांगायचे, तिकडं कुत्रं फिरकेना. त्यातच ख्वाजाची सोयरीक ठरली. मुलीच्या बापानं स्पष्टच सांगितलं, "खोली झाल्याबिगर निकाह न्हाय." आणि वरून स्लॅब गळायला लागला.

आता एकच वाट होती. घर विकायचं, बँक भागवायची, ख्वाजाचा पैसा त्याला द्यायचा आणि आपण भाड्याच्या खोलीत जायचं. त्यासाठीच हा रंग.

रविवारी संध्याकाळी वारणानगरहून जोतीराम पाटील घर बघायला आले. मोठा सावध माणूस. दारात येऊन उभे राहिले, पण आत काही येईनात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि हसले.

"पावणं, पाणी कमरंएवढं आल्तं जणू?"

लालासाब घाईनं म्हणाला, "छे छे! कुणी सांगितलं तुमास्नी?"

"गल्लीनंच सांगितलं की. बघा जरा."

लालासाबनं बघितलं. समोरचं घर खाली हिरवं. शेजारचं हिरवं. त्याच्या पलीकडचं हिरवं. सगळ्या गल्लीला एकच अक्कल सुचली होती, आणि सगळ्यांनी बावड्यातल्या एकाच दुकानातून एकच रंग आणला होता. पूर आपली खूण पुसट ठेवून गेला होता, यांनी ती ऑइलपेंटनं पक्की केली. इतके दिवस याच गल्लीतून ये-जा करताना लालासाबला ते दिसलं नव्हतं, कारण जो तो आपल्याच भिंतीकडं बघत होता.

जोतीराम चहा पिऊन गेले. जाताना जो भाव बोलले त्यात ख्वाजाचं तर सोडाच, बँकेचंही भागत नव्हतं.

"म्हंजे घर इकून वर आपणच पैसं द्यायचं?" नजीरानं, लालासाबच्या बायकोनं, कपबशी आपटली. "ऱ्हायचं म्हटलं तर गळतंय, जायचं म्हटलं तर बँक सोडत न्हाय. आवो, घर बांधलंसा का पिंजरा?"

लालासाबला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती.

केरबा गवंडी दुसऱ्या दिवशी वर चढला. सळ्यांच्या बुडाशी हातोडी ठोकून बघितली. "गंजून फुगल्यात. हितनंच पाणी उतरतंय. सगळ्या कापा, वर सिमेंटचा कोबा घालून देतो. वरीसभर थांबला तर स्लॅबच बदलाय लागंल."

"सळ्या ठेवून कोबा न्हाय व्हायचा?"

"एक ठेवली तरी तितनं पाणी येणार की."

उरलेल्या बोनसमध्ये थकलेला हप्ता आणि कोबा, एवढंच बसत होतं. हप्ता नाही भरला तर बँक घर नेणार, कोबा नाही केला तर पाऊस नेणार. खोलीचं नाव कुठंच बसत नव्हतं. लालासाबनं हप्ता भरला, केरबाला विसार दिला, आणि ख्वाजाला सांगायचं तेवढं राहून गेलं. रोज संध्याकाळी धाकटा समोर जेवायला बसायचा आणि रोज थोरल्याचा घास तोंडात फिरायचा.

शेवटी शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला, तो हॅकसॉ घेऊन स्लॅबवर चढला. आयुष्यभर लोखंड कापलेला माणूस, पण हात चालेना. निम्म्या सळ्या पडल्या तेव्हा मागं पाऊल वाजलं. ख्वाजा चप्पलच्या दुकानातून जेवायला घरी आला होता. पडलेली एक सळी त्यानं उचलून बघितली.

"दादा, ही माझी खोली न्हवं?"

"व्हय," लालासाब म्हणाला. "चुकलं माझं. तुला आधी सांगाय पायजे हुतं. पर तोंड उघडंना गड्या."

शर्टाच्या बाह्या मागं सारून ख्वाजानं पुढची सळी दोन्ही हातांनी घट्ट धरली, हलू नये म्हणून. लालासाब कापत गेला. दोघं भाऊ काम करत कोपऱ्यातल्या शेवटच्या सळीपाशी आले. हॅकसॉ टेकवला, तसा ख्वाजानं त्याचा हात धरला.

"ही ऱ्हाऊ दे."

"केरबा म्हणतोय, पाणी येतंय."

"येऊ दे. सासऱ्याला काय दावू मी? एक तर ऱ्हाऊ दे."

लालासाबनं हॅकसॉ खाली ठेवला.

कोबा झाला. स्लॅब गळायचा थांबला, फक्त त्या कोपऱ्यात सोडून. तिथं खाली खोलीत पावसाळाभर नजीराचं घमेलं असतं. भरलं की ती बाहेर ओतून येते. खोलीवाचून निकाह अजून अडलेलाच. मुलीचा बाप दर ईदला येतो, अंगणात उभा राहून वर बघतो आणि म्हणतो, "औंदा करताय न्हवं?" लालासाब म्हणतो, "औंदा करतो की." ख्वाजा तेव्हा खाली बघत असतो. घमेल्याबद्दल नजीरा कधी बोलत नाही, आणि ती सळी कापायचं नाव घरात कुणी काढत नाही.