मुद्देमाल क्रमांक दोन

मी एक जुना वरवंटा आहे, मित्रांनो. काळा दगड, अकरा इंच लांब, मधे जरा फुगीर. सरकारी कागदावर मात्र दीड वर्ष माझे नाव 'मुद्देमाल क्रमांक दोन' असे होते. क्रमांक एक म्हणजे एक रक्ताळलेला शर्ट. त्याच्याशी माझे कधी जमले नाही.

अजिंठ्याच्या बाजूला धोंडिबा नावाच्या पाथरवटाने मला घडवले. आम्ही जोडीने जन्मलो, मी आणि पाटा. गंगापूरच्या बाजारात सरूबाईंनी मला हातात घेऊन तोलले आणि आम्हा दोघांना लेकीच्या, म्हणजे तनुजाच्या, रुखवतात मांडले. अशा रीतीने तनुजाबरोबर आम्ही छत्रपती संभाजीनगरला, दोन खोल्यांच्या घरात आलो.

तनुजाचा ठेचा गल्लीत नावाजलेला होता. शेजारणी वाटी घेऊन यायच्या. कौतुक तिचे व्हायचे, पण त्यातले थोडे मी माझ्या नावावर घ्यायचो. मग मिक्सर आला आणि आमची रवानगी ओट्याखाली झाली. चार वर्षे तिथे धूळ खात पडलो. एके दिवशी तिचा नवरा सुदर्शन याने मिक्सर भिंतीवर आपटला. कारण विचाराल, तर भाजीत मीठ कमी होते. दुसऱ्या दिवशी तनुजाने मला धुऊन बाहेर काढले. मला आनंद झाला, हे कबूल करतो. तो कशामुळे वाट्याला आला, हे आठवले की आज लाज वाटते.

सुदर्शन तिच्यावर हात उचलायचा. तनुजा तीनदा पोलीस चौकीत जाऊन आली. तिन्ही वेळा तक्रारीची नक्कल हातात पडली आणि 'घरातलं भांडण घरात मिटवा' असा सल्लाही. पाट्याशी बसून ती हे शेजारणीला सांगायची, म्हणून मला ठाऊक.

एका रविवारी दुपारी ती खाली बसून मिरची वाटत होती. सुदर्शनने मागून येऊन तिचे केस धरले आणि गळा दाबला. तिचा हात वर गेला. हातात मी होतो. तो कोसळला. तनुजाने त्याचे डोके मांडीवर घेतले, जखमेवर फडके दाबून धरले आणि शेजारणीला ओरडून रुग्णवाहिका बोलवायला सांगितली. तो वाचला. अकरा टाके पडले आणि डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले. ते माझ्यामुळे झाले. दगड असलो तरी मला त्याचे वाईट वाटते.

पंचनाम्यात लिहिले गेले, 'एक दगडी हत्यार, टोकास लाल डाग.' मला पुडक्यात बांधून लाखेची मोहोर लावली. पाट्याकडे कुणी पाहिलेही नाही. त्यावरची अर्धी वाटलेली मिरची नंतर कुणीतरी धुऊन टाकली. तनुजावर जीवे मारण्याच्या प्रयत्नाचा खटला उभा राहिला. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार म्हणून नात्यातले एकही माणूस पुढे येईना. चौदा महिने ती तुरुंगात राहिली आणि मी मुद्देमालाच्या खोलीत.

त्या खोलीत कोयते होते, काठ्या होत्या, एक लाटणेसुद्धा होते. विचार करायला वेळ भरपूर होता. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तनुजाच्या हातातला मी तिथे आलो, पण सुदर्शनचे हात काही आले नाहीत. हातांना चिठ्ठी बांधता येत नाही, मोहोर लावता येत नाही. इतकी वर्षे मारले त्यांनी, आणि हत्यार म्हणून नोंद झाली माझी.

खटल्यात प्रश्न एकच होता. तनुजाने मला ठरवून आणले आणि मारले, की मी आधीच तिच्या हातात होतो? ठरवून आणले असे सिद्ध झाले, तर तिची आणखी कितीतरी वर्षे तुरुंगात जाणार होती. सरकारी वकील हात उंचावून म्हणाले, "बाईमाणसाच्या अंगी एवढी क्रूरता!" पुरुष आरोपी असता तर हे वाक्य त्यांना सुचले नसते. तनुजावर दोन आरोप होते. एक कायद्यातला, आणि दुसरा, ती बाईसारखी वागली नाही हा. दुसरा कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे त्याला उत्तरही देता येत नव्हते.

तिला सरकारी मदतीतून मिळालेल्या वकीलबाई म्हणजे प्रेरणाताई. वयाने लहान, पण प्रयोगशाळेचा अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेल्या. मला टेबलावर ठेवून त्यांनी तपास करणाऱ्या साहेबांना विचारले,

"टोकाला रक्त आहे. बाकी अंगाला काय सापडलं?"

"मिरची, लसूण, मीठ."

"मग पाटा का नाही जप्त केला?"

"पाट्यानं मारलं नव्हतं, म्याडम."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. शेवटी त्यांनी तनुजालाच विचारले, "वरवंटा कुठून उचललात तुम्ही?"

"उचलला नाय, साहेब. हातातच व्हता. ठेचा वाटत व्हते."

त्या तीन तक्रारींच्या नकलाही प्रेरणाताईंनी पुढे केल्या. स्वतःचा जीव वाचवण्याचा तिला हक्क होता, असे म्हणून न्यायाधीशांनी तनुजाला निर्दोष सोडले.

अपिलाची मुदत संपल्यावर कोर्टाचा आदेश घेऊन ती मुद्देमालाच्या खोलीत आली. तिथले हवालदार सांडू स्वभावाने बरे. ते म्हणाले, "ताई, हे हत्यार कशाला न्यायलीस? दुकानात लई नवे भेटतेत."

"हत्यार नाय, भाऊ. मायनं देलेला वरवंटा हाय."

"जड हाय. संगं कोणी आलंय का?"

"कोण येतंय? सुटले त्या दिशी फाटकावर बी कोणी नव्हतं. घंटाभर हुभी व्हते. मंग एकलीच निघाले."

सांडूंनी मोहोर तोडली, चिठ्ठी काढली आणि मला तिच्या ओंजळीत दिले.

आता मी पुंडलिकनगरात, तिच्या एका खोलीच्या घरी असतो. मित्रांनो, जुन्या वस्तू जपून वापरा, असे आत्मकथा सांगणारे माझ्यासारखे सगळेच तुम्हाला सांगत आले आहेत. मी दगड आहे, मला जपले नाही तरी चालेल. तुमच्या नात्यातली, गल्लीतली एखादी बाई तुरुंगातून सुटणार असेल, तर त्या दिवशी फाटकावर जाऊन उभे राहा. मला घरी न्यायला तनुजा आली होती. तिला न्यायला कुणी आले नव्हते.