दोन बोटं उंच उंबरठा

खुब्याचं ऑपरेशन होऊन अप्पा घरी आले, तेव्हा मुलीने सगळी तयारी करून ठेवली होती. एक गोष्ट तेवढी नजरेतून सुटली. बाथरूमच्या दाराला दोन बोटं उंच लाकडी उंबरठा होता आणि वॉकर नेमका तिथेच अडायचा. मग ती एका हाताने वॉकर उचलायची, दुसऱ्या हाताने त्यांना धरायची आणि दार अर्धवट उघडं ठेवून पाठमोरी उभी राहायची. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. चार दिवसांत त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. बाटली भरलेलीच राहते हे तिच्या लक्षात आलं आणि तिने सुताराला बोलावलं.

सुताराने वाकून पाहिलं. "ताई, हा चौकटीतच बसवलाय. चौकट काढावी लागेल, भिंतही थोडी फुटेल. तीन-चार दिवस बाथरूम बंद."

ते शक्यच नव्हतं. उतार करावा तर आत जागा नाही. साधी करवत जमिनीलगत चालेना, मूठ भिंतीला आपटायची. हार्डवेअरच्या दुकानदाराने तिला मल्टीटूल दाखवलं. मनगटाएवढं जाड यंत्र, पुढे जमिनीलगत कापणारं चपटं पातं.

संध्याकाळी तिने दादाला फोन केला.

"अगं, जाहिरातीचं खूळ आहे ते," दादा म्हणाला. "माझं ड्रिल बघ, दोनदा वापरलं असेल. आता माळ्यावर पडलंय. तुझंही तिथेच जाणार."

"मग तू येऊन काढून दे उंबरठा."

"पुढच्या महिन्यात बघतो."

"तोपर्यंत अप्पांनी काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने यंत्र आणलं.

ती शिवणकाम करणारी, त्यामुळे यंत्राचं भय तिला नव्हतं, पात्याचं होतं. आधी जुन्या फळीवर चालवून पाहिलं. पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी डावी-उजवीकडे थरथरतं, हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. चष्मा लावला, तोंडाला ओढणी बांधली आणि चौकटीलगत पातं टेकवलं. डावं टोक लोण्यासारखं कापलं गेलं. उजवीकडे मात्र कर्र आवाज झाला आणि जळका वास सुटला.

"काय झालं गं?" अप्पांनी पलंगावरून विचारलं.

"आत खिळा आहे. पात्याचे दात गेले."

"लोखंड कापणारं पातं मिळत असेल की."

मिळत होतं. "हे मीच आधी सांगायला हवं होतं," दुकानदार ओशाळून म्हणाला. दुपारपर्यंत उंबरठा सुटून हातात आला. खालचा खडबडीत भाग तिने त्याच यंत्राला पॉलिश पेपर लावून घासला. हात इतके झिणझिणत होते की नंतर तासभर सुईत दोरा ओवता आला नाही.

अप्पा उठले. वॉकर सरळ आत गेला. त्यांनी दार लावलं, कडीही घातली. ती सवयीने बाहेर उभीच होती.

"जा तू," आतून आवाज आला. "तुझं काम बघ."

ती शिवणाच्या मशीनवर जाऊन बसली. ब्लाउज पुढ्यात ओढला, पण कान बाथरूमच्या दाराकडेच होते.

दाराखाली आता फट राहिली होती. अप्पांनी तीन दिवस कुरकुर केली, तेव्हा तिने रबराची पट्टी ठोकली. त्या महिन्यात यंत्राने आणखी एकच काम केलं: फुगलेल्या कपाटाची कड कापली. बाकी दिवस ते शेल्फवर पडून होतं.

दादा आला तेव्हा त्याने यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "वजनाला बरं आहे. मीही घेऊ का?"

"करवत शिरत नाही असं काही काम आहे तुझ्याकडे?"

त्याने यंत्र परत शेल्फवर ठेवलं. "तसं काही नाही."

"मग नको घेऊस. लागलं तर माझं ने."

"पाती मात्र तुझी तू आण," अप्पा म्हणाले आणि त्यांनी पाण्याची बाटली मागितली.